राजकीय ब्लॉग सुरू करताय? आधी कागद गोळा करा

राजकीय ब्लॉग सुरू करणाऱ्या बहुतेकांची पहिली पोस्ट एकसारखीच असते. देशाचं काय चाललंय, पुढारी कसे आहेत, माध्यमं कशी गप्प बसलीत आणि म्हणून आता मी लिहिणार आहे. दुसरी पोस्ट आठवड्याने येते. तिसरी निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी. चौथी येत नाही.

माझ्या पहिल्या ब्लॉगचंही हेच झालं, त्यामुळे हे हक्काने सांगतो. मत संपतं. रोज नवं कुठून आणणार? आणि तुमचं मत वाचायला लोकांनी वाट वाकडी करून यावंच का? राजकीय ब्लॉगचा दबदबा जिथे खरोखर दिसला, तिथे लिहिणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा मतापेक्षा वेगळं काहीतरी होतं. एखादा विसरलेला संदर्भ, सरकारी कागद, हिशेबाची बेरीज, चित्रफितीतला बारकावा. ते कसं मिळवायचं आणि मिळाल्यावर कसं मांडायचं, एवढंच इथे सांगणार आहे. ब्लॉग सजवायचा कसा, हे तुम्हाला दुसरं कुणीही सांगेल.

आधी हे बघा: ब्लॉगला वजन येतं कुठून

५ डिसेंबर २००२. अमेरिकी सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांच्या शंभराव्या वाढदिवसाचा समारंभ. रिपब्लिकन पक्षाचे सिनेटमधले नेते ट्रेंट लॉट भाषणात बोलून गेले की, थर्मंड राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते तेव्हा आमच्या राज्याने त्यांना मतं दिली आणि बाकी देशानेही दिली असती, तर पुढच्या सगळ्या कटकटी झाल्या नसत्या. पत्रकार तिथेच होते. बहुतेकांनी ते वाक्य सोडून दिलं. वाढदिवसाला माणूस गोडच बोलणार, त्यात बातमी कसली?

काही ब्लॉगरांनी मात्र ते सोडलं नाही. त्यांत 'टॉकिंग पॉइंट्स मेमो' चालवणारे जोश मार्शल पुढे होते. थर्मंड उभे होते ती निवडणूक १९४८ ची आणि ती त्यांनी लढवली होती गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवण्याच्या मुद्द्यावर. लॉट यांनी १९८० मध्येही जवळपास हेच म्हटल्याचं पुढे आलं. झालं, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा अर्थच बदलला. विषय ब्लॉगवरून टीव्हीवर गेला, तिथून वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आणि २० डिसेंबरला लॉट यांनी नेतेपद सोडलं. एकूण पंधरा दिवस.

ही गोष्ट राजकीय ब्लॉगच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते, पण तिच्यातली खरी गंमत निसटते. ते वाक्य ब्लॉगरांनी शोधून काढलं नव्हतं. ते सगळ्यांनी ऐकलेलं होतं. ब्लॉगरांनी फक्त त्याच्या शेजारी १९४८ नेऊन ठेवलं आणि विषय थंड होऊ दिला नाही. वर्तमानपत्राला उद्या दुसरी बातमी लागते. ब्लॉगर एकाच हाडाला पंधरा दिवस चिकटून राहू शकतो. कुणी त्याला 'पुढे काय?' विचारत नाही.

दुसरं म्हणजे, ब्लॉगचे वाचक मोजकेच होते. पण त्या मोजक्यांत बातमीदार होते, संपादक होते, पुढाऱ्यांचे मदतनीस होते. राजकीय ब्लॉगचा परिणाम साधारण असाच होतो, थेट मतदारावर कमी आणि मतदारापर्यंत पोचणाऱ्यांवर जास्त. म्हणून वाचकसंख्येचा आकडा बघून पहिल्या वर्षी खचू नका. तीनशे वाचकांत चार बातमीदार असले, तरी तुमचं दुकान चाललंय.

पायरी पहिली: विषय इतका छोटा घ्या, की घरचे हसतील

'राजकारण' हा विषय नव्हे. 'निवडणूक' हाही नव्हे. 'एका मतदारसंघातल्या उमेदवारांनी निवडणूक खर्चाचा दाखवलेला हिशेब' हा विषय झाला. 'एका समितीच्या बैठकांची इतिवृत्तं' हा विषय झाला. एका खात्याचा अर्थसंकल्प, एका प्रकल्पाची निविदा, एका नेत्याने दिलेली आश्वासनं आणि त्यांच्या तारखा. ऐकायला कंटाळवाणं वाटतं ना? म्हणूनच तिथे गर्दी नाही.

इलियट हिगिन्स या ब्रिटिश माणसाने मार्च २०१२ मध्ये 'ब्राउन मोझेस' नावाने ब्लॉग सुरू केला. ते पत्रकार नव्हते, लष्करातले नव्हते, अरबी येत नव्हतं आणि सीरियाला कधी गेलेही नव्हते. घरी बसून सीरियातल्या युद्धाच्या चित्रफिती बघायच्या आणि त्यांत कुठली शस्त्रं दिसतात ते नोंदवायचं, एवढंच. जगात त्या वेळी सीरियावर मतं असणारे लाखो लोक होते. सगळ्या चित्रफिती शस्त्रांसाठी चाळणारे किती असतील? २०१३ च्या सुरुवातीला बंडखोरांच्या हातात पूर्वीच्या युगोस्लाव्हियातल्या बनावटीची शस्त्रं दिसायला लागल्याचं त्यांना जाणवलं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो धागा पकडून पुढे बातमी केली, शस्त्रं क्रोएशियातून आल्याची. २०१४ मध्ये त्याच माणसाने 'बेलिंगकॅट' सुरू केलं आणि मलेशिया एअरलाइन्सचं एमएच १७ विमान पाडणाऱ्या क्षेपणास्त्राचा माग काढण्यात या गटाचं काम फार मोलाचं ठरलं.

नेट सिल्व्हर यांचं उदाहरणही त्याच वळणाचं. २००८ मध्ये 'फाइव्हथर्टीएट' या ब्लॉगवर त्यांनी फक्त जनमत चाचण्यांची गणितं मांडली. त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत पन्नासपैकी ४९ राज्यांचे निकाल त्यांनी बरोबर सांगितले आणि २०१० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो ब्लॉगच आपल्याकडे घेतला.

विषय पुरेसा छोटा आहे का, हे तपासायची माझी एक ढोबळ कसोटी आहे. या विषयावरचा उपलब्ध असलेला प्रत्येक कागद तुम्ही सहा महिन्यांत वाचून संपवू शकता का? नाही, तर अजून छाटा.

पायरी दुसरी: पहिला महिना काही छापू नका

हे कुणालाच आवडत नाही. तरी करा.

या महिन्यात दोनच कामं. एक म्हणजे वेळापत्रक बनवणं. तुमच्या विषयाचे कागद कधी बाहेर पडतात? अर्थसंकल्प कधी, लेखापरीक्षणाचा अहवाल कधी, समितीची बैठक कधी, उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं कधी, पक्षांना मिळालेल्या देणग्यांची यादी कधी? सरकारी यंत्रणा कितीही अपारदर्शक असली, तरी तिचं कॅलेंडर बऱ्यापैकी ठरलेलं असतं. अहवाल येतो त्या दिवशी इतर लोक सारांश वाचत असतात. तुम्हाला मागचे चार अहवाल आधीच पाठ असले, की पाचव्यात काय गाळलंय ते अर्ध्या तासात दिसतं. काय छापलंय ते कुणीही सांगेल. काय गाळलंय, हे मागचं वाचलेलाच सांगू शकतो.

दुसरं काम फाइल बांधण्याचं. साधा तक्ता पुरे: तारीख, कोण, काय म्हणाले, कुठे म्हणाले, मूळ दुवा, जपून ठेवलेली प्रत. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे सगळं आपोआप क्रमाने लागतं. सरकारी संकेतस्थळावरचा कागद आज आहे, उद्या असेलच असं नाही. म्हणून प्रत्येक पान लगेच उतरवून घ्या आणि जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या 'वेबॅक मशीन' या संकेतस्थळावरही त्याची नोंद करून ठेवा. स्क्रीनशॉट घेताना वरचा पत्ता आणि तारीख चौकटीत आली पाहिजे. नुसत्या मजकुराचा स्क्रीनशॉट कुणीही पाच मिनिटांत बनवतो, तेव्हा त्याला पुराव्याची किंमत नाही.

जे कागद बाहेर पडतच नाहीत, ते मागावे लागतात. स्वीडनने १७६६ मध्येच सरकारी कागद बघण्याचा हक्क कायद्याने दिला. अमेरिकेत तसा कायदा १९६६ मध्ये झाला, भारतात २००५ मध्ये आणि आज शंभरहून अधिक देशांत माहिती मागण्याचा काही ना काही कायदा आहे. अर्ज करताना नवखे लोक एक चूक हमखास करतात: 'का?' विचारतात. 'हे काम का रखडलं?' या प्रश्नाला गोल उत्तर देता येतं किंवा हा माहितीचा प्रश्नच नाही म्हणून झटकता येतं. त्याऐवजी कागदाचं नाव घ्या. 'या कामाच्या अमुक ते अमुक तारखेदरम्यानच्या मोजणी नोंदींची प्रत द्या.' एका अर्जात थोडंच मागा. आकडे असतील तर ते तक्त्याच्याच स्वरूपात मागा, नाहीतर स्कॅन केलेली दोनशे पानं येतील आणि तुम्ही आकडे टाइप करत बसाल. पोच जपा.

वाट काढणारे माहितीच्या कायद्यापलीकडच्या, पण कायदेशीरच अशा वाटाही काढतात. रशियात सरकारविरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांनी सरकारी मालकीच्या तेल आणि वायू कंपन्यांचे थोडेसे शेअर विकत घेतले. आता ते भागधारक झाले आणि भागधारक म्हणून कंपनीला प्रश्न विचारायला, कागद मागायला मोकळे. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी 'ट्रान्सनेफ्ट' कंपनीच्या तेलवाहिनीच्या बांधकामातल्या गैरव्यवहाराचे कागद आपल्या लाइव्हजर्नल ब्लॉगवर टाकले. रशियाबाहेरही त्यांचं नाव झालं ते तिथून पुढे.

पायरी तिसरी: जागा स्वतःची घ्या

यावर फार वेळ घालवू नका, पण दोन गोष्टी पक्क्या करा. डोमेन स्वतःच्या नावावर हवं आणि सगळं लिखाण हवं तेव्हा उचलून दुसरीकडे नेता आलं पाहिजे. नवाल्नी आणि हजारो रशियन लोक ज्या लाइव्हजर्नलवर लिहीत होते, ते २००७ मध्ये एका रशियन कंपनीने विकत घेतलं आणि २०१६ च्या शेवटी त्याचे सर्व्हरही रशियात हलले. लिहिणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. अनेक ब्लॉग एकाच जागी वाचायची सोय देणारं गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झालं, तेव्हा कितीतरी ब्लॉगांचा नेहमीचा वाचक एका दिवसात विखुरला. समाजमाध्यमांवर जाहिरात करा, घर तिथे बांधू नका. वाचकांची ईमेल यादी पहिल्या दिवसापासून ठेवा.

पायरी चौथी: पहिली पोस्ट

इथे थोडा वेळ थांबू, कारण बहुतेक ब्लॉग इथेच बिघडतात.

समजा, तुम्ही एका खात्याच्या रस्तेदुरुस्तीवर लिहिताय. सवयीने हात लिहून जातो: 'रस्त्यांच्या नावाखाली प्रचंड लूट!' यात लूट तुम्ही सिद्ध केलेली नाही, प्रचंड म्हणजे किती ते सांगितलेलं नाही आणि उद्या नोटीस आली तर उत्तरही नाही. आता हे बघा: 'रस्तेदुरुस्तीची तरतूद दोन वर्षांत दुप्पट, दुरुस्त झालेल्या रस्त्यांची लांबी मात्र तेवढीच.' आवाज चढवलेला नाही, पण ज्याला कळायचं त्याला कळलं. शिवाय दोन्ही आकड्यांमागे कागद आहे. वाचक स्वतःच 'लूट' म्हणेल. त्याला म्हणू द्या. कदाचित तो म्हणणार नाही, कारण डांबर महाग झालं असेल. तसं असेल तर तेही तुमच्याच पोस्टमध्ये असायला हवं.

पोस्टची बांधणी मी अशी करतो. पहिल्या दोन वाक्यांत काय सापडलं ते. मग तो कागद कुठला, कुठल्या पानावर, त्याचा दुवा. पानाचा क्रमांक न देता तीनशे पानांच्या अहवालाचा दुवा देणं म्हणजे वाचकाला वाटेला लावणं. मग मागच्या वर्षी काय होतं. मग यावर संबंधितांचं म्हणणं. आणि शेवटी, आपल्याला अजून काय कळलेलं नाही. हा शेवटचा भाग लिहायला लाज वाटते. वाटतं की पोस्ट कमकुवत होईल. अनुभव उलटा आहे: ते काय ते ज्याला माहीत असतं, असा वाचक नेमका तिथेच ईमेल करतो.

संबंधितांचं म्हणणं छापण्याआधी मागायचं, नंतर नाही. ज्याच्यावर लिहिताय त्याला लेखी प्रश्न पाठवा, नेमके आकडे सांगा, उत्तराला पुरेसा वेळ द्या आणि उत्तर आलं नाही तर 'अमुक तारखेला विचारलं, आजवर उत्तर नाही' एवढंच लिहा. 'मौन बाळगलं' वगैरे नको. त्या शब्दांत जो टोमणा आहे, तो तुमच्याच पोस्टची विश्वासार्हता खातो.

मत कुठे लिहायचं? लिहा की. मी कोरडा कारकून व्हा म्हणत नाही. पण मताचा परिच्छेद वेगळा ठेवा, म्हणजे ज्याला तुमचं मत पटत नाही तोही तुमचे आकडे वापरू शकेल. विरोधी बाजूच्या माणसाने तुमचा दुवा दिला, की समजा पोस्ट जमली.

पायरी पाचवी: प्रकाशित करण्याआधीची रात्र

८ सप्टेंबर २००४ ला सीबीएस वाहिनीवर डॅन रॅदर यांनी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या नॅशनल गार्डमधल्या (राखीव सैन्यदलातल्या) नोकरीबद्दल काही जुने कागद दाखवले. त्यांवर तारखा होत्या १९७२-७३ च्या. काही तासांतच इंटरनेटवर शंका निघाली: त्या काळच्या साध्या टाइपरायटरवर प्रत्येक अक्षर सारखीच जागा घेतं, मग या कागदांवर 'आय' अरुंद आणि 'एम' रुंद कसा? 'लिटिल ग्रीन फुटबॉल्स' या ब्लॉगच्या चार्ल्स जॉन्सन यांनी तोच मजकूर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये, काहीही न बदलता, टाइप केला आणि टीव्हीवरच्या कागदावर ठेवून दाखवला. ओळी जुळल्या. २० सप्टेंबरला सीबीएसने मान्य केलं की, हे कागद अस्सल असल्याचं आपल्याला सिद्ध करता येत नाही. पुढे चौकशी झाली, चौघांच्या नोकऱ्यांवर गदा आली आणि मार्च २००५ मध्ये रॅदर यांनी बातम्यांची खुर्ची सोडली.

यातून दोन्ही बाजूंचं शिकण्यासारखं आहे. जॉन्सन यांचा पडताळा लोकांना पटला, कारण तो कुणालाही घरी करून बघता येत होता. तुमचा पडताळाही तसाच मांडा: मी हे केलं, तुम्ही करा, तेच दिसेल. आणि वाहिनी फसली ती मूळ कागद न बघता छायाप्रतींवर विसंबल्यामुळे. आपल्याला हवी तशी गोष्ट सांगणारा कागद समोर आला, की डोळे आपोआप अर्धे मिटतात. तुमच्याकडे असा 'अगदी हवा तसा' कागद आला, तर त्या रात्री तो प्रकाशित करू नका. झोपा.

ब्लॉगवरून माध्यमं फसल्याचंही उदाहरण आहे. २०११ मध्ये दमास्कसमधली एक समलिंगी तरुणी सीरियातल्या दडपशाहीबद्दल ब्लॉग लिहीत होती. जूनमध्ये तिला पळवून नेल्याची पोस्ट तिच्या नात्यातल्या 'बहिणी'ने टाकली, जगभर बातम्या झाल्या, सुटकेच्या मोहिमा निघाल्या. मग काही पत्रकारांनी आणि ब्लॉगरांनी एक बाळबोध प्रश्न विचारला: हिला प्रत्यक्ष भेटलेलं कुणी आहे का? कुणीच नव्हतं. फोटो लंडनमधल्या भलत्याच बाईचे निघाले आणि लिहिणारा निघाला एडिनबरात शिकणारा अमेरिकन पुरुष.

तेव्हा त्या रात्रीची माझी यादी छोटीच आहे. फोटो उलट शोधून बघायचा, आधी कुठे आलाय का. सांगणाऱ्याला हे कसं कळलं, ते त्यालाच विचारायचं. दोन स्रोत असतील, तर ते एकाच तिसऱ्या माणसाकडून ऐकून सांगत नाहीत ना, ते बघायचं. आकडे पुन्हा बेरीज करायचे, लाख आणि कोटी दोनदा वाचायचे. मी एकदा हजारांतला तक्ता लाखांत वाचला होता. पोस्ट चार तास होती. त्या चार तासांतले स्क्रीनशॉट मला अजून कुणी ना कुणी पाठवतं.

चूक झालीच, तर गुपचूप दुरुस्त करू नका. चुकलेलं वाक्य खोडलेलं दिसू द्या, खाली तारीख टाकून काय चुकलं ते लिहा आणि पोस्ट जिथे जिथे पसरवली होती तिथेही दुरुस्ती टाका.

वाचकांना कामाला लावा

२००७ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी वकिलांच्या बडतर्फीचं प्रकरण तापलं होतं. मार्चमध्ये न्याय खात्याने एका संध्याकाळी सुमारे तीन हजार पानं बाहेर टाकली. असे ढीग टाकण्यामागचा हेतू ओळखणं अवघड नाही. 'टॉकिंग पॉइंट्स मेमो'ने वाचकांना सांगितलं, एकेक गठ्ठा घ्या, वाचा आणि काय दिसतं ते इथे लिहा. रात्रीतून ढीग चाळून झाला. त्या वर्षीच्या या वार्तांकनासाठी ब्लॉगला पत्रकारितेतला मानाचा पोल्क पुरस्कार मिळाला. ॲटर्नी जनरल अल्बर्टो गोन्झालेस यांनी ऑगस्टमध्ये राजीनामा जाहीर केला.

वाचकांकडून मत मागू नका, ते न मागता येतं. काम मागा आणि ते काम नेमकं असू द्या. 'पान ४१ ते ६० मध्ये या तीन नावांपैकी कुठलं दिसतं का?' असं विचारलं की माणसं येतात. त्यांत निवृत्त लेखापाल असतो, वकील असतो, त्याच खात्यात वीस वर्षं काढलेला कुणी असतो. सापडलेलं मात्र स्वतः तपासल्याशिवाय वर घेऊ नका.

ट्रोलांबद्दल एवढंच: उत्तर द्यायचं ते चुकीच्या आकड्याला, शिवीला नाही.

बातमीदार, पक्ष आणि पैसा

आपल्या विषयावर लिहिणारे चार-पाच बातमीदार हेरा. त्यांना प्रत्येक पोस्ट पाठवू नका, वर्षातून चारदा पाठवा. पण पाठवाल तेव्हा मूळ कागद जोडा. श्रेयाचा मुद्दा येईल. तुमची माहिती नाव न घेता छापली जाईल, दोनदा तर नक्की. पहिल्यांदा चिडचिड होते. संपादकांना शांतपणे, तारखांसह ईमेल लिहा आणि पुढे चला.

पक्षांचं आमंत्रण मात्र जास्त अवघड. ते येतंच. २००४ मध्ये बोस्टनच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाने पहिल्यांदा ब्लॉगरांना पत्रकारांसारखे प्रवेशपास दिले. दक्षिण कोरियात रोह मू-ह्युन यांनी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यावर पहिली मुलाखत दिली ती नागरिकांनीच बातम्या लिहिलेल्या 'ओह मायन्यूज' या संकेतस्थळाला. मलेशियात २००८ च्या निवडणुकीत जेफ ऊई हे ब्लॉगर थेट संसदेत निवडून गेले. इटलीत विनोदी कलाकार बेप्पे ग्रिल्लो यांनी २००५ मध्ये ब्लॉग सुरू केला, त्यातून २००९ मध्ये 'पंचतारा चळवळ' हा पक्ष उभा राहिला आणि २०१३ मध्ये त्याने कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत सुमारे पाव मतं घेतली. ब्लॉग ही राजकारणात शिरायची वाट आहे, यात वाद नाही. तुम्हाला त्या वाटेने जायचं असेल तर खुशाल जा. फक्त वाचकाला आधी सांगा. खेळायचंही आणि शिट्टीही आपल्याच गळ्यात, हे चालत नाही.

पैशाचंही तेच. २००३ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेल्या हॉवर्ड डीन यांच्या प्रचारयंत्रणेने दोन ब्लॉगरांना सल्लागार म्हणून घेतलं. एकाने ब्लॉग लिहिणं थांबवलं, तर 'डेली कॉस'च्या मार्कोस मुलित्सास यांनी आपल्या ब्लॉगवरच तसं जाहीर केलं. तरीही २००५ च्या सुरुवातीला त्यावरून वाद उठलाच. जाहीर केलं नसतं तर काय झालं असतं, याची कल्पना करा. ब्लॉगवर एक कायमचं पान ठेवा: मी कुणासाठी काम करतो, कुणाकडून पैसे घेतले, कुठल्या पक्षाचा सदस्य आहे किंवा होतो, घरातलं कुणी राजकारणात आहे का.

आणि जुनं लिखाण कधीच जुनं होत नाही. २००७ मध्ये अशाच दुसऱ्या इच्छुक उमेदवाराच्या, जॉन एडवर्ड्स यांच्या प्रचारात घेतलेल्या दोन ब्लॉगर बायकांना काही आठवड्यांत बाहेर पडावं लागलं, कारण त्यांच्या आधीच्या धर्मविषयक पोस्ट विरोधकांनी उकरून काढल्या.

कायदा, टोपणनाव आणि जीव

'मी पत्रकार थोडाच आहे' ही ढाल नव्हे. अमेरिकेत २०१४ मध्ये नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांच्या) अपील न्यायालयाने सांगितलं की, बदनामीच्या दाव्यात ब्लॉगरलाही संस्थेतल्या पत्रकाराइतकंच घटनात्मक संरक्षण आहे. तुमच्या देशात तसं असेल, नसेल. बदनामीचा गुन्हा फौजदारी आहे की फक्त दिवाणी, प्रचार थांबल्यानंतरच्या काळात काय लिहिता येत नाही, न्यायप्रविष्ट प्रकरणावर किती बोलता येतं, या तीन प्रश्नांची उत्तरं एखाद्या वकिलाकडून पहिल्याच महिन्यात घ्या. नोटीस आल्यावर वकील शोधायला निघालात, तर घाईत चुकीचं उत्तर लिहाल.

टोपणनावावर फार भिस्त ठेवू नका. ब्रिटनमध्ये 'नाइटजॅक' या नावाने लिहिणाऱ्या पोलिसाला २००९ मध्ये ब्लॉगसाठीचा ऑरवेल पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी एका वर्तमानपत्राने त्याचं खरं नाव छापायचं ठरवलं, तो न्यायालयात गेला आणि न्यायालयाने नाव लपवायचा हक्क मानला नाही. बातमीदाराने त्याचं ईमेल खातं फोडलं होतं, हे बाहेर यायला पुढची काही वर्षं गेली. नाव उघड झालं तर नोकरीचं, घरच्यांचं काय होईल, हे गृहीत धरूनच प्रत्येक पोस्ट लिहा. ब्लॉगसाठी वेगळा ईमेल, प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी आणि सांगणाऱ्या माणसाचं नाव तक्त्यात कधीच नाही.

माल्टातल्या डाफ्ने कारुआना गालिझिया 'रनिंग कॉमेंटरी' हा ब्लॉग एकट्या चालवायच्या. सत्तेतल्या माणसांच्या परदेशी कंपन्यांबद्दल त्यांनी लिहिलं. त्यांच्यावर चाळीसहून अधिक बदनामीचे दावे होते. १६ ऑक्टोबर २०१७ ला त्यांच्या मोटारीत बॉम्ब फुटला. त्या खुनाच्या तपासातून उठलेल्या गदारोळात पंतप्रधान जोसेफ मुस्कात यांना २०१९ च्या अखेरीस पद सोडणार असल्याचं जाहीर करावं लागलं. सौदी अरेबियात राइफ बदावी यांना ब्लॉगसाठी दहा वर्षं कैद आणि हजार फटके अशी शिक्षा झाली. त्यातले पन्नास जानेवारी २०१५ मध्ये भर चौकात मारले गेले.

घाबरवायला सांगत नाही. पण एकट्याने लिहू नका. धोका असलेला कागद हाती आला, की त्याच्या प्रती निदान दोन विश्वासू माणसांकडे, वेगवेगळ्या ठिकाणी असू द्या आणि ते तसं आहे हे समोरच्यालाही कळू द्या. प्रकाशनाच्या आठवड्यात कुठे जाताय ते घरी सांगून निघा. गप्प केल्यावरही लिखाण थांबणार नाही असं दिसलं, की गप्प करण्यातला फायदा कमी होतो.

पहिला फोन

हे सगळं करत साधारण वर्ष-दीड वर्ष गेलं, की एके दिवशी फोन येईल. धमकीचा असेलच असं नाही. बहुधा एखाद्या कार्यालयातून कुणी सौम्य आवाजात म्हणेल, 'तुमच्या त्या पोस्टमधला एक आकडा जरा बघता का? साहेबांचं म्हणणं आहे की तो मागच्या वर्षीचा आहे.' म्हणजे साहेब वाचतात.

तेव्हा हुरळून जाऊ नका आणि फोनवर काही कबूलही करू नका. बोलणाऱ्याचं नाव, हुद्दा, वेळ टिपून घ्या. योग्य आकडा कुठल्या कागदात आहे ते विचारा आणि तो कागद ईमेलने पाठवायला सांगा. आला, तर त्याच दिवशी दुरुस्ती टाका. नाही आला, तर आठवड्याने पुन्हा मागा. आणि आलाच, तर शेवटच्या पानापर्यंत वाचा. आकडा दुरुस्त करायच्या गडबडीत लोक कधीकधी अख्खी फाइल जोडून पाठवतात.